चाकं कंपनीचीच, टायर मात्र कोणता?

गाडी चाळीस-पन्नास हजार किलोमीटर चालली की गॅरेजवाला एक दिवस सांगतो, “टायर उतरलेत, आता बदला.” घरात हिशेब सुरू होतो. शाळेची फी, दुकानाचा हप्ता, तोंडावर आलेली ईद आणि त्यात चार टायरांचा खर्च. मन घट्ट करून टायरच्या दुकानात जावं, तर तिथे नवाच प्रश्न उभा राहतो: “तोच साइज टाकू, की एक नंबर मोठा? गाडी उठून दिसेल, खड्डे लागणार नाहीत. चाकं तीच राहतील, काळजी नको.” दहा मिनिटांत निर्णय घ्यायचा असतो आणि सल्ला देणारा माणूस तोच असतो, ज्याला माल विकायचा आहे.

नाशिककरांना टायर काही परका नाही. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत महिंद्राचा मोटारींचा आणि सिएटचा टायरचा कारखाना आहे. आपल्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरची चूल गॅरेज, टायरचं दुकान, टेम्पो किंवा टॅक्सी यांवर पेटते. तरीही टायरच्या अंगावर लिहिलेले आकडे वाचून त्यांचा हिशेब मांडणारी माणसं थोडी. हा हिशेब सातवीतल्या मुलालाही जमेल इतका सोपा आहे. तो आज आपण शिकून घेऊ.

आकडे काय सांगतात?

आपल्याकडच्या स्विफ्ट गाडीचं उदाहरण घ्या. तिच्या साध्या मॉडेलला १६५/८० आर १४ हा टायर येतो. यातला १६५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, पण ती मिलिमीटरमध्ये नाही. रुंदीच्या ८० टक्के. आर म्हणजे रेडियल, आणि १४ म्हणजे ज्या चाकावर तो बसतो त्याचा व्यास, इंचात. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी खिचडी असल्यामुळेच लोकांचा गोंधळ उडतो.

आता हिशेब. १६५ चे ८० टक्के म्हणजे १३२ मिलिमीटर. ही भिंत वर एकदा आणि खाली एकदा येते, म्हणून दुप्पट: २६४. चाकाचे १४ इंच गुणिले २५.४ म्हणजे ३५५.६ मिलिमीटर. बेरीज झाली ६१९.६. हा झाला पूर्ण टायरचा व्यास, म्हणजे जमिनीपासून टायरच्या माथ्यापर्यंतची उंची.

याच गाडीच्या महागड्या मॉडेलला १८५/६५ आर १५ टायर येतो. त्याचा हिशेब केला तर व्यास ६२१.५ मिलिमीटर निघतो. चाक एक इंचाने मोठं, टायर वीस मिलिमीटरने रुंद, पण एकूण उंचीत फरक दोन मिलिमीटरांपेक्षाही कमी. गाडी बनवणाऱ्यांनी हे मुद्दाम केलं आहे. रुंदी बदला, चाक बदला, पण एकूण व्यास जवळजवळ तोच ठेवा, हा पर्यायी टायर निवडण्याचा पहिला नियम आहे. मूळ व्यासापासून तीन टक्क्यांपलीकडे जाऊ नये, असं या धंद्यातली जाणती माणसं सांगतात. दोन टक्क्यांच्या आत राहिलं तर अधिक बरं.

“मोठा” टायर टाकला आणि गाडी खाली बसली

आता कंपनीची १४ इंची चाकं तशीच ठेवून पर्याय शोधू. दुकानात तीन साइज सहज मिळतात.

१७५/७० आर १४: व्यास ६००.६ मिलिमीटर. मूळ टायरपेक्षा १९ मिलिमीटर कमी, म्हणजे तीन टक्क्यांच्या किंचित बाहेर.

१८५/६५ आर १४: व्यास ५९६.१ मिलिमीटर. मूळ टायरपेक्षा साडेतेवीस मिलिमीटर कमी, जवळजवळ पावणेचार टक्के.

१८५/७० आर १४: व्यास ६१४.६ मिलिमीटर. फक्त पाच मिलिमीटर कमी, एक टक्क्याच्याही आत.

मधली ओळ पुन्हा वाचा. १६५ च्या जागी १८५ म्हटल्यावर गिऱ्हाईक समजतो की टायर मोठा झाला, गाडी उंच होणार. प्रत्यक्षात भिंत ८० टक्क्यांवरून ६५ टक्क्यांवर आल्याने टायर बुटका झाला. व्यासातला निम्मा फरक जमिनीकडे येतो, म्हणून गाडी जवळजवळ बारा मिलिमीटरने खाली बसली. कॉलनीतल्या गतिरोधकावर पोट घासू नये म्हणून ज्याने पैसे खर्च केले, त्याची गाडी आता आधीपेक्षा लवकर घासेल. शिवाय भिंत कमी झाली की खड्ड्याचा दणका पेलणारी हवेची उशीही लहान होते. या गाडीला पर्याय हवाच असेल, तर हिशेबात बसणारा साइज तिसरा, म्हणजे १८५/७०. पण त्यालाही अजून काही परीक्षा द्यायच्या आहेत.

अर्टिगा आणि बोलेरो

मोठ्या कुटुंबांची आवडती अर्टिगा १८५/६५ आर १५ टायरवर येते; व्यास ६२१.५. तिच्या मालकांना १९५/६५ आर १५ सुचवला जातो. त्याचा व्यास ६३४.५, म्हणजे दोन टक्क्यांहून थोडा जास्त. गाडी साडेसहा मिलिमीटरने उंच होते. मर्यादेत बसणारा बदल आहे. पण २०५/६५ टाकला तर व्यास ६४७.५ होतो, म्हणजे चार टक्क्यांहून जास्त वाढ. तो सोडून द्यावा.

नाशिकच्या कारखान्यातून वर्षानुवर्षं बाहेर पडलेली बोलेरो ही गावाकडची लाडकी गाडी. तिचा टायर २१५/७५ आर १५, व्यास ७०३.५. रुबाबासाठी अनेक जण त्याच चाकावर २३५/७५ आर १५ चढवतात. हिशेब करा: ७३३.५. तीस मिलिमीटरची वाढ, सव्वाचार टक्के. गाडी पंधरा मिलिमीटर उंच होते, दिसते भारदस्त, पण त्याची किंमत पुढे अनेक ठिकाणी मोजावी लागते. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या पत्र्याला किंवा मडगार्डला घासू शकतो. इंजिनला प्रत्येक फेऱ्यात मोठं चाक ओढावं लागतं, त्यामुळे माल किंवा माणसं भरून कसाऱ्याचा घाट चढताना गाडी जड वाटते आणि गिअर लवकर खाली आणावा लागतो. ब्रेकलाही मोठं आणि जड चाक थांबवावं लागतं.

काटा खोटं बोलू लागतो

गाडीचा मीटर चाकाचे फेरे मोजतो. एका फेऱ्यात गाडी किती पुढे जाते हे त्याला कारखान्यात एकदाच शिकवलेलं असतं. टायर मोठा झाला की प्रत्येक फेऱ्यात गाडी थोडी जास्त पुढे जाते, पण मीटरला ते कळत नाही.

समजा, मूळ टायरवर काटा अगदी अचूक आहे. सव्वाचार टक्के मोठा टायर टाकल्यावर काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी १०४ च्या वेगाने धावत असेल. काटा १२० वर असेल तेव्हा खरा वेग १२५. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून आपल्याकडच्या कितीतरी कुटुंबांची वाट तिकडून जाते. तिथे मोटारींना मर्यादा ताशी १२० ची आहे आणि वेग कॅमेरे मोजतात. कॅमेऱ्याला तुमच्या टायरचा साइज ठाऊक नसतो. बहुतेक गाड्यांचा काटा मुळात खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्त दाखवतो, तेवढीच आपली सूट. मोठा टायर ती सूट खाऊन टाकतो.

ॲव्हरेजचंही असंच. टायर मोठा केला की मीटर किलोमीटर कमी मोजतो. अर्टिगावर १९५/६५ टाकल्यावर मीटरवर ५० किलोमीटर झाले, तर प्रत्यक्षात ५१ झालेले असतात. ॲव्हरेज घसरलं म्हणून मेकॅनिककडे धावण्याआधी हा फरक वजा करा. त्यानंतरही घट दिसली तर ती रुंद आणि जड टायरची. रस्त्याशी घर्षण वाढतं आणि इंधन थोडं जास्त लागतं.

चाकाची रुंदी बघितली का?

टायर चाकावर बसतो, म्हणून चाकाची रुंदीही महत्त्वाची. लोखंडी डिस्कवर किंवा अलॉयच्या आतल्या बाजूला ५ जे, ५.५ जे, ६ जे असे आकडे कोरलेले असतात. तो आकडा म्हणजे चाकाची आतली रुंदी इंचात. जे हा कडेच्या आकाराचा प्रकार.

प्रत्येक टायरला किमान आणि कमाल किती रुंदीचं चाक चालतं हे टायर कंपनी ठरवून देते. १८५/७० आर १४ ला साधारण साडेचार ते सहा इंच रुंद चाक चालतं, त्यामुळे ५ जे च्या डिस्कवर तो बसतो. १९५/६५ आर १५ ला मात्र किमान साडेपाच इंच हवेत. अरुंद चाकावर रुंद टायर जबरदस्तीने बसवला तर त्याच्या भिंती आत ओढल्या जातात, टायर फुग्यासारखा गोल होतो, मधला भाग लवकर झिजतो आणि वळणावर गाडी डुलते. बाहेरून बघणाऱ्याला टायर भरदार दिसतो, आत बसणाऱ्याला मात्र घाटातल्या वळणावर धाकधूक.

कुटुंबाचं वजन कोण पेलतो?

साइजच्या पुढे आणखी एक आकडा आणि एक अक्षर असतं. सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच्याकडे होतं. ८५ टी, ८८ एच असं काहीतरी. हा आकडा म्हणजे किलो नव्हेत, तो भाराचा क्रमांक आहे. ८२ म्हणजे एक टायर ४७५ किलो पेलेल, ८४ म्हणजे ५००, ८५ म्हणजे ५१५, ८८ म्हणजे ५६० आणि ९१ म्हणजे ६१५ किलो. अक्षर वेगाची मर्यादा सांगतं: एस म्हणजे ताशी १८०, टी १९०, एच २१० किलोमीटर.

हजला निघालेल्या नाना-नानींना मुंबईला पोहोचवायचं असतं तेव्हा सात जणांच्या गाडीत सात मोठी माणसं बसतातच. सरासरी ६५ किलो धरले तरी ४५५ किलो झाले. वर बॅगा, डब्बे, कॅरिअरवरचं सामान. मालेगावच्या निकाहला जाताना तर मांडीवरची मुलं मोजलीच जात नाहीत. अशा वेळी कमी क्रमांकाचा स्वस्त टायर म्हणजे आपण आपल्या हाताने कमी केलेली सुरक्षा. वर बघितलेला १७५/७० आर १४ साधारणपणे ८४ क्रमांकाचा मिळतो, मूळ टायर ८५ चा. टायरमागे १५ किलो, चार टायरांचे मिळून ६० किलो: जवळजवळ एका माणसाचं वजन. नियम साधा आहे. भाराचा क्रमांक आणि वेगाचं अक्षर मूळ टायरएवढं किंवा त्याहून वरचं घ्या, खालचं कधीच नको. गाडीत बसलेली माणसं ही आपल्याकडे अमानत असतात. तिथे काटकसर करू नये.

मात्र वरच्या क्रमांकाचा टायर घेतला म्हणून गाडीत जास्त माणसं कोंबण्याची परवानगी मिळत नाही. स्प्रिंग, ब्रेक आणि ॲक्सल जुनेच आहेत.

पाऊस, घाट आणि रुंद टायर

रुंद टायर कोरड्या रस्त्यावर वळणात चांगली पकड देतो, हे खरं. पण इगतपुरी-कसाऱ्याचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याने दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. साचलेल्या पाण्यातून जाताना टायरला ते पाणी बाजूला सारावं लागतं. रुंद टायरसमोर पाणीही जास्त येतं. वेग जास्त असेल तर टायर पाण्यावर तरंगतो आणि त्या क्षणी ना स्टिअरिंग ऐकतं, ना ब्रेक. झिजलेल्या टायरवर हा धोका कितीतरी पटीने वाढतो.

म्हणून साइजपेक्षाही नक्षीची खोली आधी बघा. नव्या टायरच्या खोबणी साधारण आठ मिलिमीटर खोल असतात. कायद्याप्रमाणे मोटारीच्या टायरला किमान १.६ मिलिमीटर खोली हवी. खोबणीच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायरचं आयुष्य संपलं. हे बघायला मेकॅनिक लागत नाही. घरातल्या कुणीही, गाडी चालवणाऱ्या बहिणींनीही, महिन्यातून एकदा वाकून बघावं. समृद्धी महामार्गावर परिवहन विभागाने टायरची तपासणी करून झिजलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवल्या आहेत.

कायदा आणि विमा

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत. कंपनीने ठरवलेल्या आणि नोंदणीत आलेल्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं. म्हणून पहिली जागा बघायची ती गाडीचं मॅन्युअल आणि ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरचं स्टिकर. त्यावर एकापेक्षा जास्त साइज दिलेले असतील, तर त्यातला तुमच्या चाकांना लागू असलेला पर्याय बिनधास्त घ्या. तिथे नसलेला साइज हवा असेल, तर आधी सर्व्हिस सेंटरचं मत लेखी घ्या आणि विमा कंपनीला कळवा. अपघात झाल्यावर दावा अडण्यापेक्षा आधी एक पत्र लिहिणं स्वस्त पडतं.

दुकानात काय विचाराल?

मूळ साइज मिळत असेल आणि गाडीबद्दल काही तक्रार नसेल, तर तोच घ्या. साइज बाजारात मिळेनासा झाला असेल, किंवा मॉडेलनुसार कंपनीनेच दुसरा साइज दिला असेल, तरच पर्यायाचा विचार करा. मग क्रमाने विचारा: व्यास तीन टक्क्यांच्या आत आहे का? माझ्या डिस्कची रुंदी चालेल का? भाराचा क्रमांक मूळ टायरएवढा आहे का? एक टायर बसवून, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून कुठे घासतो का, ते आधी दाखवाल का? चांगला टायरवाला या प्रश्नांनी चिडत नाही. उलट समोर जाणता गिऱ्हाईक आहे हे ओळखून तो जास्त काळजीने काम करतो.

टायरवर आयएसआय चिन्ह बघा. भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात: २३२५ म्हणजे २०२५ सालातला तेविसावा आठवडा. दुकानात दोन-तीन वर्षं पडून राहिलेला माल नव्याच्या भावाने घेऊ नका. जुन्या गुळगुळीत टायरवर खोबणी कोरून ते विकले जातात. त्यांना हातही लावू नका. टायरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे, तेव्हा पक्कं बिल मागा. वॉरंटीचं काम पडलं तर तेच उपयोगी येतं.

साइज बदलायचा तर चारही टायरांचा बदला. एबीएस यंत्रणा चारही चाकांच्या वेगाची तुलना करूनच ब्रेक सांभाळते. पुढे एक साइज आणि मागे दुसरा असेल तर तिचा अंदाज चुकू शकतो. पैसे एकदम जमत नसतील तर मूळ साइजचे दोनच घ्या आणि ते मागच्या चाकांना लावा. पकड मागची सुटली तर गाडी गरगर फिरते, म्हणून चांगली जोडी मागे. स्टेपनी जुन्या साइजची राहिली असेल, तर ती फक्त जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत, हळू चालवत नेण्यापुरती.

शेवटची गोष्ट फुकटची, आणि वरच्या सगळ्या हिशेबापेक्षा मोठी. हवा. स्टिकरवर लिहिलेला दाब टायर थंड असताना भरा. गाडी पूर्ण भरणार असेल तर त्याच स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी दिलेला दाब ठेवा. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात चेपला जातो, तापतो, आणि भरधाव वेगात तासभर तापलेला टायर फुटतो. सिमेंटच्या रस्त्याला दोष देण्याआधी आपल्या टायरमध्ये हवा किती होती ते विचारावं. योग्य साइजचा, योग्य भाराचा, पुरेशी हवा भरलेला टायर दिसायला साधा असतो. घाटातल्या पावसात मागच्या सीटवर मुलं निवांत झोपलेली असतात ती त्याच्याच भरवशावर.